घंटा कासवाच्या हातात

मोज्यावर मोजा चढवताना माझा उजवा गुडघा कुरकुरला, म्हणून मी मुद्दाम खोकलो. खोली लहान, आणि पलीकडेच सून नातीच्या डब्याचं झाकण लावत उभी होती. तिला खोकला ऐकू गेला की गुडघा, हे मला अजूनही नक्की सांगता येणार नाही.

त्या दिवशी माझी परीक्षा होती. माझ्या वयाच्या माणसाने असं म्हणावं हे हास्यास्पद आहे, पण दुसरा शब्द सुचत नाही. नातीच्या शाळेचा नियम असा, की प्रत्येक मुलाच्या घरचं एक मोठं माणूस आठवड्यातला एक दिवस मुलांबरोबर राहायला हवं. शाळा म्हणजे गावाच्या कडेचा झाडांचा एक लांबच लांब पट्टा, त्यात एक लाकडी खोली, अवजारांची पडवी आणि शेकोटीची जागा. मुलं बारा महिने बाहेरच शिकतात. आत जायचं ते फक्त ओले कपडे बदलायला. आमचा वार शुक्रवार. इतके दिवस सून जायची. तिला नवी नोकरी लागली, आणि मुलाच्या कचेरीत शुक्रवारी मान वर करायला सवड नसते. उरलो मी. शाळेच्या ताई म्हणाल्या होत्या, आजोबांना एक दिवस येऊ द्या, मग बघू. त्यांनी नको म्हटलं असतं, तर नातीला परत आधीच्या शाळेत जावं लागलं असतं.

आधीच्या शाळेत ती बोलायची थांबली होती. घरी दिवसभर माझं डोकं खायची, पण त्या शाळेचा जिना चढली की तोंडाला कुलूप. मुलं तिला मुकी म्हणायला लागली. शू लागली हेसुद्धा ती कुणाला सांगायची नाही, आणि दुपारी आम्ही तिला आणायला जायचो तेव्हा तिचा फ्रॉक बदललेला असायचा. या शाळेत आली तेव्हा पहिले काही दिवस ती एका लाकडाच्या ओंडक्याखालच्या किड्यांशीच बोलत होती. मग ताईंशी बोलली. मग एकदा संध्याकाळी सून सांगत आली की आज ती कुणाशी तरी भांडली. आम्ही सगळे इतके खूश झालो की त्या दिवशी तिला कुणी रागावलंच नाही.

"बाबा, तिथे पुस्तकं नाहीत हं, चिखल आहे," मुलगा गाडीची किल्ली शोधता शोधता म्हणाला. मी आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासली, खुर्ची आणि दिवा यांच्यापलीकडे फारसा गेलो नाही, हे त्याला ठाऊक आहे. काही झालं तर लगेच फोन करा, असंही तो म्हणाला. काही होणार हे त्याने धरूनच ठेवलंय, असं मला वाटलं. कदाचित ते माझंच वाटणं असेल.

गुडघ्याचं असं होतं, की तो कधीकधी वाकवला की वाकलेलाच राहायचा. मग बराच वेळ चोळला, हळूहळू हलवला, की आतून काहीतरी सटकायचं आणि पाय सुटायचा. घरात मी थोडं दुखतं एवढंच सांगितलं होतं. खरं काय ते फक्त नातीला माहीत होतं, कारण तेलाची बाटली तीच आणून द्यायची. तिला त्यात मजा वाटायची. दाराची कडी काढल्यासारखा आवाज येतो म्हणायची.

फाटकाशी ताई उभ्या होत्या. उंच बाई, अंगात कोपरांना ठिगळं लावलेला स्वेटर, खिशातून दोरीचं टोक लोंबत होतं. गवतावर पांढरं दंव बसलं होतं आणि सगळ्यांच्या तोंडातून वाफ येत होती. त्यांनी मला नीट वरपासून खालपर्यंत पाहिलं. वाईट नजरेने नाही, सामान घेताना पाहतात तसं.

"कंबर, गुडघे ठीक आहेत ना आजोबा? एखाद्या मुलाला लागलं तर उचलून फाटकापर्यंत आणावं लागतं."

"ठीक आहेत," मी म्हणालो.

नातीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग खाली आपल्या गमबुटांकडे पाहिलं. 

त्या शाळेत हिवाळाभर कुणालाही खऱ्या नावाने हाक मारत नाहीत. थंडी पडली की प्रत्येकाने एक जनावर निवडायचं आणि झाडांना पालवी फुटेपर्यंत तेच राहायचं. नात कासव होती. तिच्या टोळीत एक कोल्हा होता, त्याच्या जिभेला हाड नव्हतं, आणि एक चिचुंद्री होती, सगळ्यांत लहान, तिचं नाक सारखं वाहत असायचं. आणखी दोघंतिघं होती, ती मला शेवटपर्यंत कानटोपीच्या रंगांवरूनच ओळखता आली.

त्या दिवशीचा धडा शीतनिद्रेचा होता. कोणते प्राणी हिवाळाभर झोपतात, झोपेत त्यांचा श्वास कसा मंदावतो, हे ताईंनी सांगितलं, तेही उभ्यानेच, पाय आपटत आपटत. मग खेळ. हा खेळ म्हणे त्या शाळेत दर हिवाळ्यात होतो. प्रत्येक टोळीने फांद्या आणि पाचोळा गोळा करून एक बीळ बांधायचं. एकाने आत जाऊन झोपायचं. झोपलेल्याने बोलायचं नाही, हलायचं नाही. बाकीच्यांनी बाहेर पहारा करायचा आणि झाडांवर कळ्या कुठे दिसतात ते शोधायचं. टोळीतल्या एकाच्या हातात एक लहान पितळी घंटा. वसंत कधी आला हे त्याने एकट्याने ठरवायचं आणि घंटा वाजवायची, मग बिळातल्याने बाहेर यायचं. घंटा ज्याच्या हातात, त्याच्याकडून ती कुणीही घ्यायची नाही. ताईंनीसुद्धा नाही. हे त्यांनी इतक्या गंभीरपणे सांगितलं की मला तो नियम आवडला.

चिठ्ठीत घंटा कासवाला आली.

बिळात झोपायला आमच्या टोळीचं अस्वल ठरलं, आणि अस्वल म्हटल्यावर कोल्ह्याने मला शोधून काढलं. अस्वल मोठं हवं, तो म्हणाला, आजोबा मोठे आहेत. चिचुंद्री म्हणाली, पण ते हडकुळे आहेत. उन्हाळ्यात उपाशी राहिलेलं अस्वल आहे, कोल्हा म्हणाला, आणि विषय संपला. मी ताईंकडे पाहिलं. त्या हसत होत्या. मला वाटलं, नाही म्हणालो तर आपण नुसते बाकावर बसणारे आजोबा ठरू. मी बरं म्हणालो.

फांद्या ओढायला मला मजा आली हे कबूल केलं पाहिजे. एका पडलेल्या खोडाला मधला वासा टेकवला, त्याच्या दोन्ही बाजूंनी फांद्या लावल्या, वर पाचोळ्याचा थर. मुलं काम करताना एकमेकांवर ओरडत होती आणि त्यात नातीचा आवाज सगळ्यांत वर होता. इथे नको, तिथे लाव, तुला कळतं का काही, असं ती कोल्ह्याला सुनावत होती. मी एक फांदी हातात धरून नुसता ऐकत उभा राहिलो. मी तिला आदल्या आठवड्यात पुस्तकातून वाचून दाखवलं होतं की झोपलेल्या प्राण्याला मधेच उठवलं तर त्याची साठवलेली ताकद खर्च होते आणि तो वसंत बघत नाही. तेही तिने टोळीला मोठ्यांदा सांगितलं. आमच्या आजोबांनी वाचलंय, असं म्हणून.

मग मी रांगत आत गेलो आणि कुशीवर झोपलो. पाय पोटाशी घेतले, अस्वल झोपतं तसे. मुलांनी तोंडाशी आणखी फांद्या रचल्या, एक खिडकीएवढी फट ठेवली. कोल्ह्याला ऊब कमी वाटली म्हणून त्याने एक जाड फांदी ओढत आणली आणि वरून टाकली. ती वाशावरून घसरून आत आली आणि माझ्या नडगीवर आडवी बसली. दुखलं नाही. नुसतं वजन.

पहिला काही वेळ छान गेला. पाचोळ्याला दमट, कडवट वास होता. फटीतून आत येणारा उजेड राखाडी होता. मी विचार केला, एवढ्या वर्षांत आपण जमिनीला एवढे टेकून कधी झोपलो नव्हतो. मग पायाला मुंग्या यायला लागल्या, मी गुडघा जरासा सरळ करायला गेलो आणि आतली कडी बसली.

नेहमी मी हाताने चोळतो. हात खाली नेला तर खांदा वाशाला लागला आणि वरचा पाचोळा मानेत गेला. पाय ओढायला गेलो तर नडगीवरची फांदी. उताणा व्हायला गेलो तर पाठीशी खोड. मी पुन्हा तसाच पडून राहिलो. श्वास घेतला की वाशाच्या सालीचा चुरा नाकात यायचा. एक हाक मारली असती तर सगळे धावून आले असते. पण त्या हाकेबरोबर ताईही आल्या असत्या.

मी हिशोब केला. घंटा वाजेल, मुलं ओरडत शेकोटीकडे सूप प्यायला पळतील, ताई त्यांच्यामागे जातील. मग मी सावकाश, कुणी बघत नसताना, एकेक फांदी बाजूला करीन. फार तर उशीर होईल. म्हाताऱ्यांना उशीर होतोच.

तेवढ्यात फटीत नातीचा चेहरा आला. ती पोटावर झोपून आत बघत होती, घंटा छातीशी धरलेली. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग माझा गुडघ्याकडे जाऊ बघणारा आणि मधेच थांबलेला हात पाहिला. तिला कळलं. तिचे ओठ उघडले.

मी ओठांवर बोट ठेवलं.

तिने तोंड मिटलं आणि चेहरा फटीतून गेला.

आजूबाजूच्या टोळ्यांच्या घंटा वाजल्या. एकेक बीळ फुटलं, ससे आणि बेडूक ओरडत बाहेर पडले, त्यांच्या धावण्याने जमीन माझ्या कानाखाली दणदणली. धुराचा वास आला. आमची घंटा वाजली नाही. मला फटीतून सगळे फक्त कमरेपर्यंत दिसत होते, आणि मधोमध दोन हिरवे गमबूट, एकमेकांकडे वळलेल्या चवड्यांचे. ती लहानपणापासून घाबरली की असेच पाय करते.

आधी चिचुंद्री म्हणाली, मला भूक लागली. मग बाकीची. मग कोल्हा तिच्यासमोर येऊन उभा राहिला आणि त्याने एक कळी आणून दाखवली, ही बघ, वसंत आला. हिरवे बूट हलले नाहीत. त्याने दुसरी फांदी आणून दाखवली. सगळं सूप संपेल, तो म्हणाला. तू मुद्दाम करतेस.

"मधे उठवलं तर अस्वल मरतं," नात म्हणाली. आवाज अगदी लहान होता. 

खरं सांगायचं तर तोवर मला तिचं कौतुक वाटत होतं. तिने शाळेचा नियम माझ्यासाठी वापरला होता. घंटा वाजली नाही तर मी उठायचं नाही, मी उठलो नाही तर मला उठता येत नाही हे कुणाला कळायचं नाही. मुलं कंटाळून निघून जातील, एवढी वाट बघायची. ही पोर माझ्यापेक्षा हुशार आहे, असं मला वाटलं. मी तेवढ्यावर खूश होतो, ही गोष्ट मला अजून नीट गिळता आलेली नाही.

ताई आल्या. त्यांचे मोठे, चिखलाचे बूट हिरव्या बुटांसमोर येऊन थांबले, मग त्या उकिडव्या बसल्या. त्यांनी विचारलं, कासवा, वसंताला अजून अवकाश आहे का. उत्तर नाही. थंडी वाजतेय का. उत्तर नाही. आजोबा आत बरे आहेत ना. एक बूट जरासा मागे सरकला. ताईंनी हात पुढे केला आणि परत घेतला. घंटा कुणीही घ्यायची नाही, हे त्यांनीच सांगितलं होतं, आणि सगळी टोळी बघत होती. त्या म्हणाल्या, बरं, आपण थांबू. आणि थांबल्या.

मग आम्ही सगळेच तिथे अडकून राहिलो. मी फांद्यांत, ताई आपल्या नियमात, मुलं भुकेत. वारा सुटला होता. मला नातीचा हात दिसत होता, लोकरीचा हातमोजा घंटेच्या आत खुपसलेला, लोलक मुठीत आवळून धरलेला.  घंटेचा आवाज होऊ नये म्हणून ती आणखी घट्ट धरत होती.

"ही मुकी आहे का?" कोल्ह्याने विचारलं.

त्याच्या आवाजात दुष्टपणा नव्हता. त्याने खरंच विचारलं होतं, या शाळेत तिला तसं कुणी म्हणत नाही. पण मला हिरवे बूट एकदम गच्च जुळलेले दिसले, आणि त्या दुसऱ्या शाळेचा जिना आठवला, दारात पिशवीत घालून दिलेला ओला फ्रॉक आठवला. तिचं तोंड आज तिने स्वतः मिटलं नव्हतं. ओठांवर बोट मी ठेवलं होतं. मी तिला त्या शाळेपासून वाचवायला इथे आलो होतो आणि ती शाळा तिच्याभोवती मीच बांधत होतो, एकेक फांदी लावून.

मी तोंड फटीच्या जमेल तितकं जवळ नेलं. 

"बाळा, वाजव घंटा," मी शेवटी म्हणालो.

बाहेर सगळं थांबलं.

"पण तुला उठता येणार नाही," ती म्हणाली.

"नाही येणार. तरी वाजव. ताई, माझा गुडघा अडकलाय. तो नेहमीच अडकतो. सकाळी मी तुम्हाला खरं सांगितलं नाही."

 मग घंटेचा बोथट, कापसात गुंडाळल्यासारखा आवाज आला. हातमोजा अजून आतच होता. तिने फटीसमोर वाकून तो दाताने ओढून काढला आणि घंटा पुन्हा वाजवली, आणि मग वाजवतच राहिली, ताई पुरे म्हणेपर्यंत.

मला बाहेर काढायला सगळं बीळ मोडावं लागलं. मुलांनी फांद्या एकेक करून उचलल्या, कोल्ह्याने आपली जाड फांदी कुणाला हात लावू दिली नाही. ताईंनी मला काखेत धरून ताडपत्रीवर घेतलं आणि मुलांनी ताडपत्री शेकोटीपर्यंत ओढत नेली. चिचुंद्री बाजूने चालत होती. अस्वल जिवंत आहे, असं ती वाटेत भेटेल त्याला सांगत होती. शेकोटीजवळ गुडघा चोळता चोळता आतली कडी सटकली, तेव्हा मुलांनी तो आवाज ऐकायला माझ्या पायाशी गर्दी केली. पुन्हा करून दाखवा, कोल्हा म्हणाला. मला हसू आलं, पण माझं लक्ष नातीकडे होतं. ती सुपाचा पेला हातात धरून बसली होती, पीत नव्हती.

मुलं खेळायला गेल्यावर ताई माझ्याशेजारच्या ओंडक्यावर बसल्या. शुक्रवारी मला ठेवता येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. गुडघ्याचं मी आधी सांगितलं असतं तर कदाचित काही वेगळा विचार झाला असता, पण विचारल्यावर ठीक आहे म्हणणाऱ्या माणसाच्या हाती त्यांना मुलं देता येत नाहीत. हे त्या शांतपणे बोलल्या, जळकं लाकूड पुढे सारत. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या मजकुरातली चूक शोधायची नोकरी केली, मला त्यांच्या बोलण्यात एकही चूक सापडली नाही. घरचं दुसरं कुणी आलं तर तिची जागा आहेच, असं म्हणून त्या उठल्या.

दुसरं कुणी नव्हतं, हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांना ते माहीत होतं.

मुलाला मी फोन केला. तो कचेरीतून निघून आला, बोलण्यापेक्षा जास्त राग येतो तेव्हा असतो तेवढा गप्प. त्याने मला धरून गाडीच्या मागच्या सीटवर बसवलं. माझ्या केसांतून पाचोळा पडत होता, तो त्याने दोनदा झटकला. नात माझ्या शेजारी बसली.

"मी परत तिकडे, त्या जिन्याच्या शाळेत जायचं का?" तिने मला हळूच विचारलं.

"बहुतेक," मी म्हणालो. त्या दिवशी दुसऱ्यांदा खोटं बोलायची माझी हिंमत नव्हती.

 मग तिने एकदम बापाच्या पाठीकडे बघून बोलायला सुरुवात केली. वासा कसा लावला, कोल्ह्याने कशी चुकीची फांदी आणली, आजोबा आत कसे अडकले, तिने लोलक कसा धरला, हात किती दुखला, कोल्हा काय म्हणाला, आणि तिला उत्तर द्यायचं होतं पण तोंड उघडेना, तिकडच्यासारखंच झालं बाबा, अगदी तिकडच्यासारखं. मग घंटा किती मोठ्यांदा वाजली. तिला श्वास घ्यायला वेळ नव्हता. आरशात मला मुलाचे डोळे दिसत होते. ते रस्त्यावर होते, पण मधेच वर यायचे.

गाडी घरासमोर थांबली. त्याने इंजिन बंद केलं आणि हात स्टिअरिंगवरच ठेवून बसला.

"शुक्रवारचं काय ते बघतो मी," तो म्हणाला, मागे न वळता.

आमच्या घरात ‘बघतो’ याचा अर्थ बहुधा नाही असाच होतो. माझ्या वडिलांपासून होतो. मी स्वतः ते त्याला किती वेळा म्हणालो असेन. पण हे म्हणताना मी सहसा उठून निघून जायचो, आणि तो बसून होता.

त्या गाडीच्या मागच्या दारांना मुलांसाठीचं कुलूप आहे, ती आतून उघडत नाहीत. नातीने कडी एकदा ओढून पाहिली, मग सोडून दिली आणि तिचा गार हात माझ्या गुडघ्यावर ठेवला. बाहेर दिवस मावळत आला होता, काचेवर आमच्या श्वासाची वाफ धरली होती. आम्ही दोघं, त्याने उतरून दार उघडायची वाट बघत, बसून राहिलो.